दारामागचा कागद

माझ्याकडे भाड्याच्या तीन खोल्या आहेत. प्रत्येक खोलीच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलाय. वर इंग्रजीत, खाली आमच्या भाषेत. इंग्रजी मजकूर शाळेतल्या बाईंनी लिहून दिला, अक्कल माझी. पाहुणे वर्षानुवर्षं तेच ते विचारून माझं डोकं खायचे, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं.

ऑगस्ट टाळा, जूनमध्ये या किंवा सप्टेंबरात. ऑगस्टात मेल्तेमी वारा सुटतो आणि माणसाचं डोकं फिरवतो. शक्यतो विमानाने या. बोटीनेच यायचं तर मधल्या भागात बसा, आधी कोरडा पाव खा, गोळी घ्या. परतीला दोन दिवस हातात ठेवा, कारण वारा असला की बोट येत नाही आणि तिला कुणी जाब विचारू शकत नाही. सामान कमी आणा, गावात गाडी शिरत नाही. दुपारी नळाला पाणी नसतं, अंघोळ सकाळीच उरका. सपाट, रबरी तळाचे बूट आणा. आमच्या पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात आणि दरवर्षी कुणीतरी पडतं.

ज्यांनी हे ऐकलं ते आनंदात राहिले आणि पुढच्या वर्षी परत आले. मी आयुष्यात जे काही लिहिलं त्यात सगळ्यात खरा हा कागद. म्हणूनच फेब्रुवारीत कालित्साचा फोन आला तेव्हा मी तो समोर धरून बसले, आणि त्यातली एकेक ओळ उलटी करून तिला सांगितली.

कालित्सा माझी थोरली बहीण. आमच्या कार्पाथोस बेटावर, निदान आमच्या डोंगरावरच्या गावात, घरातली पहिली मुलगी म्हणजे कानाकारा. आजीचं नाव तिला, आणि नावाबरोबर आईचं सगळं तिला. घर, ऑलिव्हची झाडं, सोन्याच्या नाण्यांचा गळाभर हार, भिंतीवर टांगलेल्या बशासुद्धा. धाकटीच्या वाट्याला थोरलीची चाकरी. हल्ली नवीन पोरी हसतात याला. आमच्या आईने मात्र कालित्साच्या लग्नातच सगळे कागद करून टाकले होते. त्या दिवशी मी बारा वर्षांची होते आणि तिचे बूट पुसत होते.

लग्न करून ती बाल्टिमोरला गेली. तिचा नवरा पुलांना रंग द्यायचा. मी राहिले. आईचं हगणं-मुतणं वीस वर्षं काढलं, शेतं केली, भट्टीत पाव भाजले. आई गेली तेव्हा कालित्साला यायला जमलं नाही. मग मी खालच्या मजल्यावरच्या बकऱ्यांच्या जागेच्या खोल्या केल्या, मोऱ्या बांधल्या, फरशा स्वतः बसवल्या. ती दर नाताळला फोन करून विचारायची, "छपराला चुना दिलास ना?" समुद्रापलीकडून उंटावरून शेळ्या हाकणं चव्वेचाळीस वर्षं चाललं होतं. मला त्याचं काही नव्हतं. घर तिचं होतं, पण ती तिथे होती आणि मी इथे. मला एवढंच पुरे होतं.

"या उन्हाळ्यात येतेय," ती फोनवर म्हणाली. "नवरा गेला, आता मला कोण अडवतंय? जरा बघते घर. मग ठरवू त्याचं काय ते."

"काय ठरवायचंय?"

"ते बघू. तू सांग, कधी येऊ? कशी येऊ? काय आणू? तुझ्याकडे माणसं येतात, तुला ठाऊक असणार."

मी कागद पुढे ओढला. ठरवलं ते तिथेच. तिने एकदा यावं, हाल हाल व्हावेत, आणि परत गेल्यावर पुन्हा या बेटाकडे तोंड करू नये. कुणी याला पाप म्हणेल. ज्यांच्या बहिणी बऱ्या असतात त्यांनी खुशाल म्हणावं.

"ऑगस्टात ये," मी म्हणाले. "पंधरा ऑगस्टचा मरियाआईचा सण आहे. तू नाचात नाही उतरलीस तर काय अर्थ?"

"आणि विमान?"

"छे, विमान कसलं घेतेस. बोटीने ये, पिरेयस बंदरातून. पुढच्या टोकाची खोली घे, समुद्र छान दिसतो. आणि भरपूर जेवून बस, रिकाम्या पोटी त्रास होतो."

"सामान?"

"हवं तेवढं आण. इथे काही मिळत नाही."

ती म्हणाली, "आईचा हार घालेन म्हणते सणाला. सगळा पोशाख. बूट आहेत का गं तिचे?"

आईचे बूट बकऱ्याच्या कातड्याचे, गुडघ्यापर्यंत येणारे, मऊ तळाचे. गावातल्या चांभाराने तिच्या मापाने केलेले. ते बारा वर्षं माझ्या पायात आहेत. घरातली ही एकच वस्तू मला माझी वाटते.

"आता कोण घालतं बूट?" मी म्हणाले. "शेतात जाणाऱ्या म्हाताऱ्या. चांगल्या घरच्या बायका पोशाखाखाली टाचांचे घालतात. तू अमेरिकेहून येणार, जरा उंच टाचांचे आण. लोक बघतील."

"बरं झालं विचारलं," कालित्सा म्हणाली. "धाकटे, तू आहेस म्हणून."

ती मला धाकटेच म्हणते. माझं नाव सेवास्ती आहे, पण तिच्या तोंडून मी ते क्वचितच ऐकलंय.

ऑगस्टच्या नऊ तारखेला ती येणार होती. आठपासून असा वारा सुटला की मी मनातल्या मनात मरियाआईचे आभार मानले. बोट आमच्या छोट्या बंदराला लागलीच नाही, थेट दक्षिणेच्या मोठ्या बंदराला गेली. तिथून डोंगरातल्या वळणांनी टॅक्सीने दोन तास. मी गावाच्या तोंडाशी मिनासच्या कॉफीच्या दुकानात वाट पाहत बसले होते.

"बहीण येतेय म्हणे," मिनास म्हणाला. तो माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. "मालकीण बघायला येतेय आपला माल. तुलाही मोजून घेणार का ती?"

"तू कॉफी कर."

"करतो. पण ऑगस्टात कशाला बोलावलंस? तुझ्या त्या कागदात तर लिहिलंयस..."

"मिनास, कॉफी."

टॅक्सी आली. कालित्सा उतरली ती हिरवीनिळी होऊन. केस वाऱ्याने उभे, कपड्यांवर डाग. सतरा तास ओकत आली होती. माझा चेहरा मी मोठ्या कष्टाने सरळ ठेवला. ती मला धरून थोडी उभी राहिली, मग समुद्राकडे बघत म्हणाली, "आईला पण असंच लागायचं, आठवतं? रोड्सला जाताना डोकं माझ्या मांडीवर ठेवायची."

मला आठवत नव्हतं. आईने मला रोड्सला कधी नेलंच नव्हतं.

मग टॅक्सीवाल्याने सामान काढायला सुरुवात केली. पाच बॅगा. एकशेचाळीस पायऱ्या. मिनासने दोन उचलल्या आणि गावभर ऐकू जाईल असं विचारलं, "एवढं आणायला कुणी सांगितलं?" कालित्सा म्हणाली, "हिनेच," आणि काठीसारखा माझा खांदा धरून चढायला लागली. उरलेल्या तीन मी दोन खेपांत नेल्या.

तिथून पुढे माझी प्रत्येक युक्ती माझ्याच अंगावर आली. दुपारी नळ गेला तर तिचे हाल होतील असा माझा हिशेब होता. ती मोरीतून ओरडली, "धाकटे, पाणी," आणि मी टाकीतून बादल्या भरून आणल्या, पाच दिवस. सणाआधीचा पंधरा दिवसांचा उपास चालू होता, मांस नाही, चीज नाही, अंडं नाही. मला वाटलं, अमेरिकेतली जीभ चण्यांवर वैतागेल. तिने दोन ताटं चणे खाल्ले आणि म्हणाली, "यात कांदा जास्त करपवायचा गं, आई करपवायची." दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वेगळे शिजवावे लागले. झोपायला तिला आईचाच लाकडी ओटा हवा होता, भिंतभर बशांच्या खाली, शिडी चढून जायचं तिथे. मी म्हटलं, वाऱ्याने रात्रभर दारं आपटतात, झोप लागणार नाही. ती वर जाऊन घोरायला लागली. जागी मी राहिले.

चौदाला संध्याकाळी ती सहज म्हणाली, "छान ठेवलंयस घर. मी पुढच्या वर्षी मे महिन्यात येऊन ऑक्टोबरपर्यंत राहीन म्हणते. पाहुण्यांचं काम आहेच तुझ्या हाताशी, त्यात मी एक." माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली. मला तिच्यावर जो राग आला तो आजतागायत उतरलेला नाही.

पंधराला मी तिला पोशाख चढवला. पांढरा झगा, भरजरी पदर, आणि वर आईचा हार. तो हार जड असतो. पहिल्या मुलीच्या छातीवर गावाने तिची किंमत बघावी म्हणूनच तो असतो. त्या नाण्यांच्या वजनाने माणूस पुढे झुकतं. बायकांनी नाचात तोल सांभाळायचा तो खाली बुटांच्या जोरावर. हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. चव्वेचाळीस वर्षांत कालित्सा ते विसरली होती. मी विसरले नव्हते.

तिने लाल टाचांचे बूट घातले. दाराशी आलो तर गल्लीतून बायका उतरत होत्या, तरण्या आणि म्हाताऱ्या, सगळ्यांच्या पायात कातडी बूट. कालित्सा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली.

"ते आईचे ना?"

"हो."

"काढ."

किती सहज म्हणाली. म्हणण्यासारखं काही नव्हतंच तिच्या मते. बूट तिचे होते, आणि त्यातले पायही.

मी द्यायला हवे होते. दिले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. मी म्हणाले, "तुला होणार नाहीत. अमेरिकेत पाय पसरलेत तुझे."

ती हसली. "खरंय. पसरलेतच बाई माझे." आणि निघाली.

चर्चपुढच्या अंगणात लायरा वाजायला लागली होती. कानाकारा म्हणून तिला पुढच्या रांगेत घेतलं. वाऱ्याने झगे उडत होते, नाणी वाजत होती. म्हाताऱ्यांनी तिच्या आजीचं नाव घेऊन दोन ओळी रचून म्हटल्या, तिचे डोळे भरून आले. मी भिंतीपाशी उभी राहून चांगली तासभर तिच्या टाचा बघत होते. ती नाचात पडली नाही. पडली ती नंतर, घरी परत येताना, आमच्याच दारापासून सहाव्या पायरीवर. वाऱ्याचा एक झोत आला, हार एका बाजूला गेला, टाच सटकली. मी एक पायरी मागे होते. हात पुढे केला असता तर तिच्यापर्यंत पोहोचला असता.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? डोळ्याचं पातं लवावं एवढा वेळ मला निव्वळ आनंद झाला. मग तिच्या पायाची दिशा दिसली. पाय असा वळत नाही.

खुब्याचं हाड. आरोग्य केंद्रातल्या पोरीने इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, रोड्सच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवं. वारा इतका होता की हेलिकॉप्टर उतरेना आणि बोट लागेना. दोन दिवस कालित्सा किंचाळत पडली. तिला ओट्यावर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून पाहुण्यांना शेजारच्या खोलीत हलवून तिला खालच्या मधल्या खोलीत ठेवली, माझ्या सगळ्यात चांगल्या खोलीत, जिच्या खिडकीतून पूर्ण समुद्र दिसतो. तिच्या हाका मला ऐकू याव्यात म्हणून दार भिंतीपर्यंत सताड उघडून दगड लावून ठेवलं.

रोड्सला शस्त्रक्रिया झाली. तिची मुलगी मरीना तीन दिवसांसाठी आली, नोकरी आणि पोरं सोडून. डॉक्टर म्हणाले, दोन महिने विमान नाही. मरीनाने माझे दोन्ही हात धरले. तिला आमची भाषा मोडकीतोडकी येते. "मावशी, ऑक्टोबरमध्ये मी नेते तिला. कायमची. पुन्हा नाही येणार ती, तिची अवस्था बघ. फक्त दोन महिने."

कायमची. हा शब्द मी मनात घोळवत घरी आले. दोन महिने मी कुणासाठीही काढले असते. पाहुण्यांना नाही म्हणून कळवलं आणि कालित्साला त्याच खोलीत घातली. दार उघडं, दगड लावलेला. मी तिला धुतलं, भरवलं, कूस पालटली. आईचं केलं तसंच सगळं, हात आपोआप चालत होते. "धाकटे, उशी." "धाकटे, पाणी." "धाकटे, आज चण्यात कांदा करपला नाही." मी दिवस मोजत होते, आणि मला ते जड गेले नाहीत, कारण शेवट दिसत होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती काठी धरून मोरीपर्यंत जायला लागली. मिनास विचारायचा, "काय, सुटतेयस का?" मी म्हणायचे, "वीस तारखेला."

वीसला मरीना आली. वारा पडलेला, समुद्र ताटासारखा सपाट. बोट दुपारी होती. मी पाचही बॅगा आवरल्या. मरीना खाली टॅक्सीचं बघायला गेली. प्रवासाचे कपडे घालायचे म्हणून कालित्साला उघडी केली तर समोरच्या छपरावर एक गवंडी चढलेला होता. मी दगड पायाने बाजूला केला आणि दार लावून घेतलं.

तिच्या अंगात बाही घालत होते तेव्हा ती थांबली. तिचे डोळे माझ्या खांद्यावरून मागे गेले होते. मला समजायला वेळ लागला. बाकीच्या दोन खोल्यांचे कागद मी ती यायच्या आधी काढून ठेवले होते. ही खोली तेव्हा पाहुण्यांकडे होती, आणि नंतर दार कधी लागलंच नाही.

मी दार उघडायला गेले. "राहू दे," ती म्हणाली.

तिने सगळा कागद वाचला. ओठ हलवत, आधी इंग्रजी, मग आमच्या भाषेतला. तारीख खाली होतीच, पाच वर्षांपूर्वीची. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली. "सपाट, रबरी तळाचे बूट आणा. दरवर्षी कुणीतरी पडतं."

मी परत येऊन तिची दुसरी बाही शोधायला लागले.

"चांगला लिहिलायस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता. "सगळं खरं लिहिलंयस. परक्यांना."

पायऱ्यांवर मरीनाची पावलं वाजली. ती आत येऊन म्हणाली, "चल आई, टॅक्सी थांबलीय."

"तू जा," कालित्सा म्हणाली. तिने बाहीतून हात काढून घेतला आणि उशीला टेकली. "मी इथेच राहते."

"आई, असं काय करतेस? तुझं कोण करणार इथे?"

"धाकटी आहे ना." ती माझ्याकडे बघत होती. "तिला सगळं माहीत आहे. कधी काय करायचं, कसं करायचं. विचार तिला."

मरीना रडली, भांडली, मग बोट चुकू नये म्हणून गेली. जाताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, तू देवमाणूस आहेस." मी तिच्या खांद्यावरून कालित्साकडे बघत होते. ती हसत नव्हती.

आता पुन्हा फेब्रुवारी आलाय. हॉलंडची दोघं दहा वर्षं मधल्या खोलीत उतरतात, त्यांचं पत्र आलं, नेहमीची खोली ठेवा म्हणून. मी कळवलं, ती खोली आता मिळत नाही. कालित्साचं हाड चांगलं जुळलंय. डॉक्टर म्हणतात, तिने चालायला हवं. ती चालत नाही. आईचे बूट तिने माझ्या पायातून काढून घेतले आणि पलंगाखाली ठेवलेत. तिला खरंच होत नाहीत.

दार आता लावलेलं असतं. कागद ती काढू देत नाही. रोज दुपारी, जेवण झालं की, ती मला दारासमोर उभी करते.

"धाकटे, एक ओळ वाच."

काल मी बोटीची वाचली. "परतीला दोन दिवस हातात ठेवा."

"किती?"

"दोन."

"माझ्या हातात बरेच आहेत," कालित्सा म्हणाली. "उद्या पुढची वाच. आता पाणी आण."

मी पाणी आणायला गेले.